पाण्याची वेळ सांगा, कारण विचारू नका

२३ जुलै हा राष्ट्रीय प्रसारण दिन. १९२७ साली या तारखेला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. देशातल्या संघटित नभोवाणीचा आरंभ तिथून धरतात. २०२७ मध्ये त्याला शंभर वर्षे होतील. एरवी हा दिवस फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. आकाशवाणीवर एखादी चर्चा, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एखादी चौकट, की संपला दिवस. सांगवीत तर या तारखेच्या मागेपुढे लोकांचे कान आणि डोळे नदीकडे लागलेले असतात.

पिंपरी-चिंचवडमधली सांगवी पवना आणि मुळा या नद्यांच्या बेचक्यात वसली आहे. पवनेपलीकडे दापोडी, मुळेपलीकडे औंध. पवनेला पाणी येते ते पवना धरणातून, मुळेला मुळशीतून. पहिले धरण जलसंपदा खात्याचे, दुसरे टाटांच्या वीज कंपनीचे. दोन्हीकडून एकाच रात्री विसर्ग वाढला की मुळानगरात, मधुबन सोसायटीच्या खालच्या गल्ल्यांत पाणी शिरते. बायका आधी गॅसची टाकी आणि धान्याचे डबे माळ्यावर चढवतात, पुरुष दुचाक्या ढकलत वरच्या रस्त्याला आणून लावतात. हे आता दर दोन-चार वर्षांनी ठरल्यासारखे झाले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाले, २५ जुलै २०२४ ला झाले.

२५ जुलैचा तो दिवस जरा आठवून पाहावा. पुण्यात सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्याखाली गेली होती, शाळांना सुट्टी होती आणि बहुतेक माध्यमे खडकवासल्याचा विसर्ग किती क्युसेकवर गेला ते सांगत होती. माणसे तिथे अडकली होती, तेव्हा ते साहजिकच होते. पण खडकवासल्याचे पाणी मुठेत येते आणि मुठा मुळेला भेटते ती सांगवी ओलांडून खूप पुढे, संगम पुलापाशी. मुळानगरातल्या माणसाला हवा होता मुळशीचा आणि पवनेचा आकडा. किती वाजता किती सोडले, ते पाणी इथे पोचायला किती तास लागतात, निवाऱ्यासाठी पालिकेने कोणती शाळा उघडली आहे, हे त्याला कळायला हवे होते. पुणे नावाच्या मोठ्या बातमीत ही छोटी बातमी बसत नाही. बसावी अशी अपेक्षाही करता येत नाही.

अशा वेळी पालिकेची गाडी भोंगा लावून फिरते. पावसाच्या माऱ्यात त्यातले निम्मे ऐकू येते, आणि गाडी कोपऱ्यावरून वळली की तेही नाही. मग उरते व्हॉट्सअॅप. तिथे मागच्या पुराचा व्हिडिओ आजचा म्हणून फिरतो, कुणीतरी धरण फुटल्याचा निरोप पुढे ढकलतो, आणि वीज जाऊन मोबाइलची बॅटरी संपली की खऱ्याखोट्याचा हा बाजारही उठतो. दोन पेन्सिल सेलवर कित्येक दिवस चालणारे, एकाच वेळी हजारो घरांत एकच आवाज पोचवणारे आणि त्यासाठी डेटा न मागणारे यंत्र माणसाने केव्हाच शोधून ठेवले आहे. प्रश्न इतकाच, की त्यावरून बोलायचे कुणी आणि काय.

सामुदायिक रेडिओ केंद्राला आपल्याकडे शंभर वॅट प्रभावी शक्तीची आणि तीस मीटर उंच मनोऱ्याची मुभा आहे. शंभर वॅट म्हणजे पूर्वी स्वयंपाकघरात लटकायचा तो पिवळा बल्ब. एवढ्या ताकदीत आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. सांगवीतून तो सुटला तर पिंपळे गुरव, दापोडी, औंध, खडकी, पिंपरी, वाकड एवढा टापू त्यात येईल. ही कल्पना हवेतली नाही. निगडीत पिंपरी चिंचवड एज्युकेशन ट्रस्टचे ‘इन्फिनिटी’ आहे. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आहे, फिल्म इन्स्टिट्यूटचा रेडिओ आहे, बारामतीत ‘वसुंधरा वाहिनी’ आहे. म्हसवडला दुष्काळी माणदेशातल्या बायकांनी नावारूपाला आणलेली ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे. जत तालुक्यातल्या जालिहाळला ‘येरळावाणी’ आहे. देशभरात अशी केंद्रे पाचशेच्या घरात गेली आहेत. १४० कोटींच्या देशाला पाचशे म्हणजे काहीच नाही, पण वाट मळलेली आहे.

मग अडते कुठे? परवानगीच्या कागदांत अडते, पैशांत अडते, माणसे टिकवण्यात अडते. पण सगळ्यात जास्त अडते ते एका अटीपाशी. सामुदायिक रेडिओने बातम्या आणि चालू घडामोडी द्यायच्या नाहीत, राजकीय स्वरूपाचे काही लावायचे नाही. हवामान, परीक्षा, वाहतूक, वीज-पाण्याच्या वेळा, आपत्तीच्या सूचना हे चालते. त्यापलीकडची बातमी हवी तर आकाशवाणीची, जशीच्या तशी किंवा फार तर स्थानिक बोलीत भाषांतर करून.

ही अट कागदावर निरुपद्रवी दिसते. गल्लीत आणून पाहिली की तिचा अर्थ कळतो. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. तात्पुरते म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था लोकांच्या अंगवळणी पडली. आज जुन्या सांगवीला पाणी किती वाजता सुटणार, हे रेडिओवरून सांगता येते. पवना धरण भरून वाहत असताना आम्हाला रोज पाणी का नाही, हा प्रश्न घेऊन पाणीपुरवठ्याचा अधिकारी आणि स्थानिक नगरसेवक यांना समोरासमोर बसवले की ते चालू घडामोडींत जाते. तसेच चाकणच्या औद्योगिक पट्ट्याचे. तिथल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये कंत्राटी पोराचे बोट प्रेसखाली गेले, तर ईएसआयचे कार्ड कसे काढावे यावर कार्यक्रम करता येतो. त्या मशीनचा सेन्सर बंद का होता, पाळी किती तासांची चालली होती, ठेकेदार कोण, असे विचारायला गेले की ती बातमी होते. केंद्र चालवणारी संस्था मग दोनदा विचार करते आणि बहुधा आरोग्यविषयक सल्ला लावून मोकळी होते. परवाना गमावण्यापेक्षा ते बरे.

यातली गंमत अशी, की हाच अधिकारी आणि हाच नगरसेवक यूट्यूबच्या एखाद्या स्थानिक चॅनेलवर तासभर एकमेकांवर ओरडले तरी कुणाची हरकत नसते. साप्ताहिकात छापून आले तरी नसते. चौकात फ्लेक्सवर दहा फूट फोटोंसह राजकारण चालते, भोंग्यावर चालते, व्हॉट्सअॅपच्या गटांत तर दुसरे काही चालतच नाही. दहा-पंधरा किलोमीटर जाणाऱ्या, नाव-पत्ता नोंदवलेल्या, प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन असलेल्या केंद्रालाच तेवढी तोंडपट्टी. सगळ्यांत सहज पकडता येईल अशाच माध्यमाची सगळ्यांत जास्त भीती का वाटावी, याचे उत्तर वर्तमानात सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते.

भारतात नभोवाणी सरकारने आणली नाही. हौशी मंडळींनी आणली. १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने प्रक्षेपण केले, त्यानंतर कलकत्ता आणि मद्रासचे क्लब आले. मद्रासच्या क्लबचे पैसे संपले तेव्हा त्याचा ट्रान्समीटर तिथल्या महापालिकेने घेतला आणि १९३० पासून ती स्वतः रेडिओ चालवू लागली. समुद्रकिनाऱ्यावर कर्णे लावून लोकांना गाणी ऐकवली जात. १९३८ ला ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र निघेपर्यंत हे चालू होते. पालिकेने रेडिओ चालवावा ही कल्पना आज पिंपरीच्या मुख्यालयात कुणी मांडली तर लोक हसतील. ती नव्वद वर्षांपूर्वी या देशात होऊन गेलेली गोष्ट आहे.

मुंबईची ती कंपनी तीन वर्षांतच बुडाली आणि १९३० मध्ये प्रसारण सरकारच्या हाती गेले. कायदे तयारच होते. तारायंत्रासाठी केलेला १८८५ चा कायदा होता. त्यात बिनतारी यंत्र बाळगण्यावरच निर्बंध घालणारा १९३३ चा कायदा येऊन मिळाला. ऐकण्यालाही परवाना लागे. पोस्टातून मिळणारे रेडिओचे ते पुस्तक आणि त्यावर दरवर्षी चिकटवायची तिकिटे सांगवीतल्या निवृत्त कामगारांना अजून आठवत असतील. ऐंशीच्या दशकापर्यंत ते चालले. बोलण्याचा परवाना तर सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हता.

सरकारला बिनतारी यंत्राची धास्ती का होती हे १९४२ ने दाखवले. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या, आणि त्याच महिन्यात मुंबईत ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. ते चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. सोबत विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई. यंत्रसामग्रीसाठी शिकागो रेडिओचे नानक मोटवानी. पाठीशी राममनोहर लोहिया. पोलिसांच्या गाड्या मागावर असल्यामुळे जागा सतत बदलाव्या लागत. १२ नोव्हेंबरला गिरगावच्या पारेखवाडीत छापा पडला. तंत्र जाणणाऱ्या एका साथीदारानेच पोलिसांना वाट दाखवली होती. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी येरवड्यात भोगली. सांगवीवरून वाहणारी मुळा पुढे मुठेला घेऊन जाते ते येरवड्यावरूनच.

त्या रेडिओवर काय लागत होते? देशभक्तीची गीते आणि भाषणे होतीच. पण त्याचा खरा धसका होता तो बातम्यांचा. चितगावच्या बाँबहल्ल्याची, जमशेदपूरच्या संपाची, बलियातल्या उठावाची बातमी. आणि आपल्या आष्टी-चिमूरला लष्कराने आणि पोलिसांनी केलेल्या अत्याचारांची बातमी, जी छापायला वर्तमानपत्रे धजत नव्हती. उषा मेहतांना १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले, २०२४ मध्ये त्यांच्यावर चित्रपटही आला. त्यांचे नाव घेऊन आज एखादे केंद्र काढले आणि त्यांनी केले तेच केले, म्हणजे गावातल्या अन्यायाची बातमी दिली, तर ते नियमभंगात जाईल. गौरवाच्या भाषणांत ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या सह्याद्रीतले आहे. २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या जंगलातून गोव्यासाठी एक गुप्त रेडिओ सुरू झाला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोघे पोर्तुगीज आणि कोकणीतून सालाझारशाहीची पोल खोलत. पुढे मुक्काम कॅसलरॉकच्या रानात हलला. पाऊस, जळवा, साप यांच्या संगतीत ही दोघे १९६१ पर्यंत टिकली. गोवा मुक्त झाला तेव्हा त्यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी गोवेकरांना दिली. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पोर्तुगीजांच्या दृष्टीने तो चोरटा रेडिओ होता. आपल्या दृष्टीने तो स्वातंत्र्याचा आवाज. रेडिओच्या बाबतीत ‘चोरटा’ हे विशेषण नेहमी सत्तेवर बसलेला लावतो, एवढे यातून ध्यानात ठेवायचे.

स्वराज्य आले. कायदे तेच राहिले. नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी माणूस, विद्वान, शास्त्रीय संगीताचा चाहता. चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते आणि त्यांच्या कारकिर्दीत ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. जनतेने काय केले? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. १९५२ च्या डिसेंबरात तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, अमीन सायानी घराघरांत पोचले आणि जाहिरातींचे पैसे कोलंबोला गेले. १९५७ मध्ये सरकारलाच ‘विविध भारती’ काढावी लागली. केसकरांचा हेतू वाईट नव्हता. श्रोत्याने काय ऐकावे हे आपण ठरवू शकतो, हा त्यांचा हिशेब तेवढा चुकला. ब्रिटनमध्ये दहा वर्षांनी तेच घडले. १९६४ पासून रेडिओ कॅरोलाइन हे जहाज समुद्रातून पॉप संगीत वाजवत होते. १९६७ च्या ऑगस्टमध्ये कायदा लागू करून त्याची रसद तोडली आणि सप्टेंबर संपता संपता बीबीसीने त्याच गाण्यांचे रेडिओ वन सुरू केले. अनेक निवेदकही अशाच जहाजांवरून उचलले.

आपल्याकडे दार किलकिले झाले ते न्यायालयामुळे. हिरो कप क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून सुरू झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल दिला, की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे आणि प्रसारणावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले आणि शेवटपर्यंत सार्वजनिक प्रश्नांवर बोलत राहिले. निकालाचा लाभ सर्वांत आधी पैसेवाल्यांना झाला. लहरींचे लिलाव झाले, खासगी एफएम आले. सामान्यांच्या रेडिओचे धोरण यायला २००२ उजाडले, तेही फक्त शिक्षणसंस्थांपुरते. चेन्नईचे अण्णा एफएम २००४ मध्ये सुरू झाले.

इकडे धोरणाचे कागद फिरत होते आणि तिकडे बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर गावी राघव महतो नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तरुणाने पन्नासेक रुपयांच्या सामानात ट्रान्समीटर बनवला होता. शेजारच्या तीन मजली दवाखान्याच्या गच्चीवर बांबू, बांबूला अँटेना. ‘राघव एफएम’वर गाणी लागत, हरवलेल्या मुलांच्या खबरा सांगितल्या जात, पोलिओ आणि एड्सविषयी चार शब्द असत. परवाना लागतो हे त्याला ठाऊकही नव्हते. बीबीसीने त्याची कथा जगाला सांगितली आणि मार्च २००६ मध्ये सरकारी माणसे येऊन केंद्र बंद करून गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची परवानगी देणारे धोरण जाहीर केले. व्यक्तीला मात्र ते आजही लागू नाही, त्यामुळे राघवला त्याचा उपयोग शून्य. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००८ मध्ये, तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी बायकांचे ‘संघम रेडिओ’ सुरू झाले आणि त्याच डिसेंबरात आपली म्हसवडची वाहिनी.

आता दुसरी बाजू. नियमन नकोच, असे म्हणणारे आम्ही नाही. पुणे-नाशिक रस्त्याने चाकणच्या पुढे गेले की नारायणगावजवळ खोडद लागते. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तिथे आणि आजूबाजूच्या गावांत अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपत असतात. आसपास कुणी मनमानी ट्रान्समीटर लावले तर वैज्ञानिकांचे कान बधिर होतील. लोहगावच्या विमानतळाचे तर अधिकच नाजूक. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो. घरी जुळवलेला बेभरवशाचा ट्रान्समीटर एफएमच्या पट्ट्याबाहेर सांडला, तर वैमानिकाच्या यंत्रात खरखर होऊ शकते. कोण कोणत्या लहरीवर, किती ताकदीने बोलणार हे कुणीतरी ठरवायलाच हवे. १८८५ आणि १९३३ चे कायदे मोडीत काढून आलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यात परवानगीविना सेवा चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. राघवसारख्यासाठी ती अवाजवी आहे, पण लहरींवर शिस्त हवी हे मान्य.

आशयाचीही भीती खरी आहे. ३० जुलै २०१८ ला चाकणला मराठा आरक्षणाचे आंदोलन चिघळले, बसगाड्या जळाल्या. त्या दुपारी एखाद्या माथेफिरूच्या हाती माइक असता तर, असे कुणी विचारले तर प्रश्न गैर नाही. पण त्याला उत्तरही आहे. चिथावणी, द्वेष, बदनामी यांसाठी कायदे आहेत आणि ते सर्वांना सारखे लागू आहेत. शिवाय रेडिओने केलेल्या अनर्थाचे सगळ्यात भयानक उदाहरण द्यायचे तर १९९४ चे रवांडाचे. तिथे ज्या केंद्राने शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या जिवावर उठवले, ते चोरटे नव्हते. सत्ताधाऱ्यांच्या मेहेरनजरेत, रीतसर परवानगीने चालले होते. बातमीवर बंदी घालून अफवा थांबत नाही. चाकणच्या त्या दिवशी शंभर वॅटचे एक जबाबदार केंद्र असते आणि कोणता रस्ता बंद, कोणता मोकळा, कुठे काय खरेच घडले हे सांगत असते, तर नुकसान वाढले असते की कमी झाले असते, याचा विचार गृहखात्यानेच करावा.

‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ मध्ये बातमीबंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सरकारने सुरक्षेचे कारण पुढे केले. एवढ्या केंद्रांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा आपल्याकडे नाही, असेही सांगितले. देखरेख जमत नाही म्हणून तोंडच बंद ठेवा, हा युक्तिवाद वर्तमानपत्रांना लावला असता तर मराठीत निम्मी साप्ताहिके निघालीच नसती. शेजारच्या नेपाळात १९९७ पासून ‘रेडिओ सगरमाथा’ चालू आहे, तिथली सामुदायिक केंद्रे बातम्या देतात, आणि २०१५ च्या भूकंपात लोकांना त्यांचाच आधार वाटला. अमेरिकेतही शंभर वॅटचीच छोटी केंद्रे आहेत, बातमीबंदी नाही. आपल्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमला तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. म्हणजे बातमीने देश बुडत नाही हे नियामकालाही पटले आहे. मग नफा कमावणाऱ्यांना दहा मिनिटे आणि म्हसवडच्या बायकांना शून्य, हा न्याय कुठला?

आकाशवाणीच्या बातम्या लावा, हा पर्यायही तपासून पाहू. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाले, त्याने या भागाची मोठी सेवा केली. त्याच केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश जून २०२३ मध्ये निघाला होता. ओरड झाली म्हणून तो थांबला. जिथून उसनी बातमी घ्यायची त्या घरचीच चूल विझवायला सरकार निघाले होते. आणि आकाशवाणी कितीही भक्कम राहिली तरी मुळानगरच्या तिसऱ्या गल्लीत किती फूट पाणी आहे हे ती कशी सांगणार? ते तिचे कामच नाही.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित धोरणाने परवानगीची मुदत पाच वर्षांवरून दहा केली, तासाला सात मिनिटांऐवजी बारा मिनिटे जाहिराती घेता येतात, सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ वर नेला. २०१२ मध्ये लहरींचे वार्षिक शुल्क १९,७०० वरून ९१,००० रुपये केले होते, तेव्हा देशभरातल्या केंद्रांनी एक दिवस मौन पाळले आणि वाढ मागे घ्यावी लागली. म्हणजे मागितले, नेट लावला तर मिळते. पैशाच्या बाजूने पावले पडली. बोलण्याच्या बाजूने २००६ पासून फारसे काही हललेले नाही.

म्हणून माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे मागणी साधी आहे. लहर, ताकद, मनोरा यांचे नियम हवे तितके कडक ठेवा. ध्वनिमुद्रणे तीन महिन्यांऐवजी सहा महिने जपायला लावा. पण केंद्राच्या टापूतल्या स्थानिक बातम्या आणि नागरी प्रश्नांवरची चर्चा यांवरची बंदी २३ जुलै २०२७ च्या आत उठवा. शंभरीला टपाल तिकीट काढण्यापेक्षा हे जास्त शोभेल.

आणि चार शब्द सांगवीकरांसाठी. सामुदायिक रेडिओसाठी तीन वर्षे जुनी नोंदणी असलेली, नफा न कमावणारी संस्था लागते. राजकीय पक्षाला किंवा एकट्यादुकट्या माणसाला परवाना मिळत नाही. आपल्याकडे शाळा चालवणाऱ्या संस्था आहेत, ग्रंथालये आहेत, ज्येष्ठ नागरिकांचे संघ आहेत, नदीसाठी काम करणारे गट आहेत. गणेशोत्सवात ध्वनिव्यवस्थेवर जो खर्च होतो त्याकडे पाहता पैसा नाही असे म्हणायला तोंड उरत नाही. दापोडी-खडकीच्या लष्करी आस्थापनांतून आणि कारखान्यांतून निवृत्त झालेले, ट्रान्समीटरची नस ओळखणारे तंत्रज्ञ याच परिसरात राहतात. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ‘ब्रॉडकास्ट सेवा’ पोर्टलवर करायचा असतो. गृह आणि संरक्षण खात्यांची मंजुरी, इरादापत्र, मग लहरीचे वाटप आणि शेवटी करार असा तो लांबचा प्रवास आहे आणि त्यात सहज वर्ष-दोन वर्षे जातात. बातमीबंदी आज आहे तशी असली, तरी पुराची सूचना देण्यावर कुणाचीही बंदी नाही. या पावसाळ्यात अर्ज गेला, तर निदान त्यापुढच्या एखाद्या पावसाळ्यात मुळशीचा आकडा मुळानगरात वेळेवर पोचेल.